मालिकेतल्या घराला शेजारी का नसतो?

सध्या चालू असलेली कुठलीही कौटुंबिक मालिका घ्या, तुम्ही रोज न चुकता बघत असाल ती घ्या, आणि एवढंच सांगा की त्या घराच्या शेजारी कोण राहतं? नाव सोडा हो, नुसतं सांगा बाई आहे का पुरुष, म्हातारं माणूस आहे का नुकतं लग्न झालेलं जोडपं. बहुतेकांना सांगता येणार नाही. सासूच्या माहेरचा सगळा इतिहास पाठ असतो, धाकट्या दिराचं कॉलेजात कुणावर प्रेम होतं ते माहीत असतं, दरीत पडून मेलेला आणि चेहरा बदलून परत आलेला माणूस मूळचा कोण हेही लोक झोपेतून उठवलं तरी सांगतील, पण शेजारी? शेजारीच नाहीये. भला मोठा बंगला, समोर गाडी लावायला जागा, एक गेट, आणि गेटच्या पलीकडे जग संपलं.

मालिकांना नावं ठेवणं हा तसा आपला आवडता उद्योग आहे. झोपताना पण भरजरी साडी कशी काय, एका वाक्यावर तीन वेळा चेहरे कशाला दाखवता, एक सण पंधरा दिवस का चालतो, वगैरे. या सगळ्यात मला आता फारसा रस उरलेला नाही, कारण ही तक्रार करणारेच रात्री जेवताना तेच चॅनेल लावून बसलेले असतात आणि त्यात वाईट पण काही नाही, मीही बघते. साडी भरजरी असली म्हणून गोष्ट खोटी होत नाही. माझं भांडण वेगळं आहे. माझं म्हणणं असं की आपल्या मालिकांनी शेजाऱ्याला कथेतून हाकलून दिलं आणि त्यामुळे घरातली भांडणं खोटी झाली, आणि नुसती खोटी नाही तर थोडी धोकादायक पण झाली.

आधी खोटेपणाचं बघू. आपल्या मालिकेतलं भांडण चालतं कशावर? गुपितावर. कुणीतरी काहीतरी लपवतंय, कुणाला तरी ते कळलंय, आणि ज्याला कळलंय तो सांगायला तोंड उघडणार एवढ्यात फोन वाजतो किंवा चक्कर येते किंवा सरळ ट्रकच येतो. खोटं गरोदरपण सहा सहा महिने चालतं. दुधात काहीतरी मिसळून सासऱ्यांना अंथरुणाला खिळवून ठेवलेलं असतं आणि त्याचा पत्ता घरात राहणाऱ्या बारा माणसांना लागत नाही. आता मला सांगा, ज्या कुणाच्या घराला शेजार आहे त्याच्या घरात हे किती दिवस टिकेल? समोरच्या काकू पहिल्या आठवड्यात विचारतील की अगं हिला डॉक्टरकडे नेताना काही दिसला नाहीत तुम्ही. खालच्या मजल्यावरचे आजोबा म्हणतील साहेब गॅलरीत दिसत नाहीत हल्ली, येऊ का बघायला? आणि ते येतीलच, नको म्हटलं तरी येतील, पलंगाशी खुर्ची ओढून तासभर बसतील आणि जाताना औषधाची बाटली उचलून त्याच्यावरचं नाव मोठ्यांदा वाचतील. संपली की मालिका. खलनायिकेचा सगळा डाव एका चौकस म्हाताऱ्यापुढे दोन दिवस टिकणार नाही, म्हणून त्या म्हाताऱ्याला कथेत घ्यायचंच नाही असं ठरलेलं असावं.

आपल्या मालिकेत चोरून ऐकणारे लोक भरपूर असतात हे खरंय. खांबामागे, पडद्यामागे, अर्धवट उघड्या दाराशी कायम कुणीतरी कान लावून उभं असतंच. पण ते सगळे घरचेच. म्हणजे घरच्यांनी घरच्यांवर पाळत ठेवायची, घरच्यांनीच घरच्यांना ब्लॅकमेल करायचं आणि शेवटी घरच्यांनीच घरच्यांसमोर हात जोडून माफी मागायची. बाहेरच्या माणसाला यात जागा एकच, ती म्हणजे पोलीस, वकील किंवा डॉक्टर म्हणून येऊन दोन वाक्यं बोलून जायचं.

हे असंच असतं, मालिका म्हणजे असंच, असं कुणी म्हणेल तर तसं नाहीये. हा प्रकार मुळात अमेरिकन रेडिओवर 1930 च्या दशकात सुरू झाला, साबणाच्या कंपन्या त्याला पैसे पुरवायच्या म्हणून सोप ऑपेरा, हे बऱ्याच जणांना माहीत असेल. पण तिथून पुढे याच्या वेगवेगळ्या शाखा झाल्या आणि ब्रिटनमधल्या शाखेनं घर हा केंद्रबिंदू मानलाच नाही, गल्ली मानली. ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ 9 डिसेंबर 1960 ला सुरू झाली आणि अजून चालू आहे. नावच गल्लीचं. एका ओळीत चिकटून उभी असलेली कामगारांची घरं, कोपऱ्यावर दुकान, आणि एक पब. तिथे सुरुवातीच्या वर्षांत एना शार्पल्स नावाची एक म्हातारी होती, सगळ्यांच्या घरात नाक खुपसणारी, तोंडाची फटकळ, आणि ती त्या मालिकेतली कुणी किरकोळ बाई नव्हती तर लोकांच्या सगळ्यात लक्षात राहिलेल्या पात्रांपैकी एक होती. म्हणजे आपण ज्या बाईला कथेतून काढून टाकली तिच्या जोरावर त्यांनी मालिका उभी केली!

1985 मध्ये ‘ईस्टएंडर्स’ आली, तिच्यात मधे चौक आणि भोवती घरं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात ‘नेबर्स’ आली, नावातच शेजारी, आणि मेलबर्नच्या एका खऱ्याखुऱ्या बंद गल्लीतल्या घरांच्या बाहेर तिचं शूटिंग होत राहिलं. या मालिकांमध्ये पण लफडी, फसवणूक, अपघात, मेलेली माणसं परत येणं हे सगळं आहे, उगाच त्यांना डोक्यावर घेऊन नाचायचं कारण नाही. पण फरक कुठे पडतो ते बघा. ‘ईस्टएंडर्स’मध्ये 2001 साली एका मुलीला कळतं की आपण जिला मोठी बहीण समजत होतो ती खरं म्हणजे आपली आई आहे. आपल्याकडे हा प्रसंग बेडरूममध्ये, दार लावून, पाठीमागे ढॅणढॅण वाजवत झाला असता आणि खरं नातं अजून चाळीस भाग लपवलं गेलं असतं. तिथे त्या दोघी भांडत भांडत रस्त्यावर येतात आणि ते सत्य भर चौकात ओरडून बाहेर पडतं. आता ते सगळ्यांचं झालं. आता त्या मुलीला उद्या सकाळी त्याच चौकातून जायचंय, त्याच लोकांना तोंड दाखवायचंय, आणि खरं नाटक तिथून पुढे आहे. गुपित फुटल्यावर माणसं कशी जगतात हे दाखवायला शेजारी लागतोच, कारण नुसतं घरातल्या घरात असेल तर रडून मिठी मारली की विषय संपतो.

आपल्याकडे पण हे नव्हतंच असं नाही. दूरदर्शनवर 1986 मध्ये ‘नुक्कड’ होती, एका कोपऱ्यावर जमणाऱ्या साध्या माणसांची, तिच्यात कुणाच्या घरापेक्षा तो कोपराच महत्त्वाचा. त्याच्याआधी 1984 ला ‘हम लोग’ आली, ती कुटुंबाचीच गोष्ट होती पण ते कुटुंब तंगीतलं होतं आणि तंग घराच्या भिंती जाड नसतात. मग 3 जुलै 2000 ला ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाली आणि घर नावाच्या गोष्टीचा आकारच बदलला. विराणींच्या त्या हवेलीला नाव होतं, जिना होता, देवघर होतं, इतक्या खोल्या होत्या की माणूस हरवावा, पण तिच्या बाजूला कोण राहतं हे कळायची कधी गरजच पडली नाही. आठ वर्षांत अठराशेच्या वर भाग झाले तिचे. पाठोपाठ आपल्याकडे 2001 ला ‘चार दिवस सासूचे’ सुरू झाली, नावात चार दिवस आणि भाग तीन हजारांच्या वर, आणि श्रीमंत घराणं, घराण्याची इज्जत, घराण्यातली कारस्थानं हा साचा मराठीतही पक्का बसला. तेव्हापासून कॅमेरा गेटच्या बाहेर पडलाच तर ऑफिसात किंवा देवळात किंवा हॉस्पिटलात.

यामागे पैशाचं गणित आहे हे मान्य करायला हवं, उगाच सगळं लेखकांच्या डोक्यावर फोडण्यात अर्थ नाही. रोज एक भाग द्यायचा, आठवड्याला सहा भाग, कधी सात, वर महाएपिसोड. एक घराचा सेट उभा केला की तो वर्षानुवर्षं वापरता येतो, हॉल, जिना, किचन, दोन बेडरूम, झालं. शेजारी आणला की त्याचं घर आलं, म्हणजे दुसरा सेट आला, त्याची माणसं आली, प्रत्येक माणसाचे दिवसाचे पैसे आले, त्यांच्या तारखा जुळवणं आलं. जे घरातले नट आहेत त्यांनाच दिवसभर बसवून ठेवलेलं असतं, त्यांच्याकडूनच जास्तीत जास्त सीन काढून घेणं हे निर्मात्याला परवडतं. म्हणूनच तर बारा माणसं हॉलमध्ये अर्धवर्तुळात उभी असतात आणि बोलत फक्त तीन जण असतात, बाकीच्यांनी फक्त धक्का बसल्याचं तोंड करायचं. त्या बाराच्या जागी आठ ठेवा आणि चार शेजारी आणा असं मी म्हटलं तर निर्माता हसेल, पण सेटचा हिशोब सोडला तर माणसांचा हिशोब तोच राहतो हे त्यालाही कळतं.

तेव्हा पैसा हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं असं की शेजारी हा साक्षीदार असतो आणि साक्षीदार असला की अन्याय रेटून नेता येत नाही. मालिकेला वर्षानुवर्षं चालायचं तर नायिकेवर वर्षानुवर्षं अन्याय व्हावा लागतो, तो तिनं गिळावा लागतो, आणि तिच्या बाजूनं बोलणारं कुणी असता कामा नये. माहेर लांब असतं किंवा गरीब असतं किंवा तिथे सावत्र आई असते. मैत्रीण एक असते ती पण लग्न करून किंवा परदेशी जाऊन गायब होते. राहिला शेजारी, त्याला तर आधीपासूनच ठेवलेला नाही.

आणि गंमत बघा. या घरांमध्ये सगळ्यात जास्त बोललं जाणारं वाक्य कुठलं? लोक काय म्हणतील. चार लोकांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. घराण्याची अब्रू वेशीला टांगली. सासरा या चार लोकांच्या भीतीनं मुलीचं लग्न लावून देतो, सासू या चार लोकांसाठी सुनेला कोंडून ठेवते, आणि पाच वर्षं मालिका बघूनही आपल्याला ते चार लोक कधी दिसत नाहीत! कोण आहेत ते? राहतात कुठे? काय म्हणतात ते प्रत्यक्षात? कदाचित ते काहीच म्हणत नसतील. कदाचित त्यातल्या दोघांना त्या सुनेबद्दल सहानुभूती असेल, तिसऱ्याला काही पडलेलं नसेल आणि चौथ्याची स्वतःची मुलगी घटस्फोट घेऊन घरी आलेली असेल. पण ते पडद्यावर येतच नाहीत म्हणून त्यांची भीती जशीच्या तशी शाबूत राहते. समाज नाही, फक्त समाजाचा धाक आहे. हे मला फार चलाख वाटतं, आणि फार लबाड पण.

कुणी म्हणेल शेजारी आहेत की, ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ बघा, अख्खी सोसायटीच आहे. बरोबर आहे, 2008 पासून चालू आहे, चार हजारांवर भाग झाले, आणि इतकी चालली याचा अर्थ लोकांना शेजार बघायला आवडतो हे तरी सिद्ध होतं. पण ती विनोदी मालिका आहे. आपल्या टीव्हीनं वाटणी कशी केलीय बघा, शेजारी असेल तर हसायचं आणि कुटुंब असेल तर रडायचं. विनोदी मालिकेतल्या शेजाऱ्याच्या घरात कधी खरं दुःख नसतं, फार तर दुसऱ्याच्या बायकोवर लाइन मारणारा नवरा असतो, तोही प्रकार आपण चवीनं किती वर्षं बघतोय. आणि रडक्या मालिकेतल्या कुटुंबाला कधी शेजारी नसतो. खऱ्या आयुष्यात ही वाटणी कुठेय? ज्यांच्याशी पार्किंगवरून हमरीतुमरी झालेली असते तेच रात्री अडीच वाजता गाडी काढून हॉस्पिटलला नेतात, आणि नेताना वाटेत पार्किंगचा विषय परत काढतात.

मराठीत अपवाद आठवतो तो ‘माझ्या नवऱ्याची बायको’चा. 2016 ते 2021 चालली. नवऱ्याचं बाहेर प्रकरण, बायकोला कळतं, ती उभी राहते, ही गोष्ट काही नवी नव्हती, पण राधिका सोसायटीत राहणारी होती आणि तिच्या आजूबाजूला माणसं होती. पुढे पुढे ती मालिका किती ताणली ते सोडा, त्यावर बोलायला बसलो तर वेगळा लेख होईल. पण सुरुवातीला लोकांना ती आपली वाटली यात त्या आजूबाजूच्या माणसांचा वाटा होता असं मला तरी वाटतं. बंगल्यातली बाई एकटी लढते तेव्हा ती देवी वाटते. सोसायटीतली बाई लढते तेव्हा जिना उतरताना तिला चार जण भेटतात आणि त्या प्रत्येकाशी काय बोलायचं हा प्रश्न तिला पडतो, आणि तो प्रश्न आपल्याला ओळखीचा असतो.

आता धोकादायक म्हटलं त्याच्याकडे येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 21 च्या, देशातल्या 18 ते 49 वयाच्या लग्न झालेल्या बायकांपैकी सुमारे 29 टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. आणि ज्यांनी हिंसा सोसली त्यातल्या मदत मागणाऱ्या किती, तर 14 टक्के. बहुतेकींनी कुणाला सांगितलंच नाही. म्हणजे बाई स्वतः बोलणार नाही हे जवळपास गृहीत धरूनच चालावं लागतं, आणि मग पुढचा प्रश्न येतो की भिंतीपलीकडे ज्याला ऐकू येतं तो काय करतो. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं याचा विचार केलेला आहे. त्याच्या चौथ्या कलमात सरळ लिहिलंय की अशी हिंसा झाली आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं वाटायला कारण असलेली कुठलीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि चांगल्या हेतूनं कळवलं असेल तर तिच्यावर त्याची कसलीही जबाबदारी येत नाही. कुठलीही व्यक्ती म्हणजे आपण, शेजारी. 2008 मध्ये ‘बेल बजाओ’ ही मोहीम निघाली होती, तिच्या जाहिराती बऱ्याच जणांना आठवत असतील, शेजारच्या घरातून मारहाणीचे आवाज येतात, एक माणूस उठतो, जाऊन बेल वाजवतो आणि काहीतरी फालतू कारण सांगतो. बस एवढंच. घरात शिरून हाणामारी नाही, भाषण नाही. फक्त आत असलेल्याला कळतं की बाहेर ऐकू येतंय.

म्हणजे कायद्याला शेजारी दिसला, जाहिरातवाल्यांना दिसला, फक्त रोज रात्री घराघरात दोन दोन तास कुटुंब दाखवणाऱ्या मालिकांना दिसला नाही. त्यांच्याकडे थप्पड बसते, तिचा आवाज तीनदा घुमतो, घरातले सगळे जागच्या जागी थिजतात, आणि बाहेरून कुणी येत नाही. हे आपण वर्षानुवर्षं बघतो. घरातलं घरात राहतं, बाहेरच्यानं पडायचं नसतं, हे कुणी आपल्याला शिकवायला बसलेलं नाही पण रोज तेच दाखवलं की ते बरोबर वाटायला लागतं.

ब्रिटनमध्ये ‘द आर्चर्स’ नावाची रेडिओ मालिका 1951 पासून चालू आहे, एका काल्पनिक खेडेगावाची. तिच्यात हेलन नावाच्या बाईचा नवरा रॉब तिला हळूहळू तोडत नेतो, कपडे काय घालायचे, कुणाशी बोलायचं, सगळं त्याच्या हातात, आणि गावाला तो मोठा सज्जन वाटतो. हा ट्रॅक दोन अडीच वर्षं शिजला, घाई नाही. एप्रिल 2016 मध्ये ती त्याला भोसकते आणि सप्टेंबरमध्ये कोर्टात सुटते. तिथे नेमकं त्याच्या थोडं आधी, डिसेंबर 2015 पासून, जोडीदाराला असं सतत धाकात आणि मुठीत ठेवणं हा गुन्हा ठरलेला होता, त्यामुळे लोकांना मालिकेतून कायदा समजला. ऐकणाऱ्यांनी पीडित बायकांसाठी काम करणाऱ्या संस्थेला एक लाख पौंडांहून जास्त पैसे जमवून दिले. पण मला त्यातलं आवडलं ते हे की गाव तिथे हजर होतं. गाव बघत होतं आणि तरी त्याला दिसत नव्हतं, आणि ऐकणाऱ्याचा जीव त्यावरच टांगलेला, की अरे हिच्या मैत्रिणीचं तरी ऐका कुणीतरी. शेजारी असूनही आंधळा असणं हे नाटक आहे. शेजारीच नसणं हे नुसतं रिकामं आहे.

मालिकांमुळे काही होत नाही, लोक मनोरंजन म्हणून बघतात असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोन अर्थतज्ज्ञांचा 2009 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे, भारतातल्या खेड्यांमध्ये केबल टीव्ही आल्यावर काय झालं याचा. त्यांना आढळलं की केबल आल्यावर नवऱ्यानं मारलं तर चालतं असं म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला. म्हणजे आपण ज्यांना रडक्या, मागास मालिका म्हणून हसतो त्याच काळातला टीव्ही हा, आणि त्यानं भलं केलं! त्यामुळे मालिका बायकांना बिघडवतात हे जे सरसकट बोललं जातं ते मला पटत नाही. पण मग मालिकेत एवढी ताकद असेल तर तिला विचारलेला प्रश्नही तेवढाच मोठा असायला हवा. अर्थात लेखकाला वाटतं तेच बघणाऱ्याला वाटेल याची खात्री नसते. ‘हम लोग’मधली भागवंती ही सोसणारी आई अशी नसावी बाई म्हणून रंगवलेली होती आणि कितीतरी प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानलं. तेव्हा उद्या शेजारी आणला की सगळे लगेच बेल वाजवायला धावतील असं मला वाटत नाही.

शिवाय शेजारी काही देवमाणूस नसतो, हा आक्षेप सगळ्यात खरा आहे. हाच शेजारी एकट्या राहणाऱ्या मुलीकडे कोण येतं जातं याची नोंद ठेवतो. हाच अमक्या जातीधर्माच्या भाडेकरूला फ्लॅट देऊ नका म्हणून मिटिंगमध्ये हात वर करतो. कुणाच्या मुलीनं पळून जाऊन लग्न केलं की तिच्या आईला महिनाभर लिफ्टमध्ये नकोसं करून सोडतो. मला हे सगळं मान्य आहे आणि म्हणूनच तो मला मालिकेत हवाय. तो चांगला आहे म्हणून नाही, तो खरा आहे म्हणून. त्या धाकाला एकदा चेहरा मिळाला, नाव मिळालं, गुडघेदुखी आणि नालायक मुलगा मिळाला की तो धाक राहत नाही, माणूस होतो, आणि माणसाशी भांडता येतं. लोक काय म्हणतील याला उत्तर नसतं, पण दुसऱ्या मजल्यावरच्या अमक्या वहिनी काय म्हणतात याला असतं.

आणि विषय तर किती पडलेत! एक साधं लिकेज घ्या. वरच्यांच्या बाथरूममधून खालच्यांच्या बेडरूमच्या छताला ओल आलीय. खालचे म्हणतात तुमची फरशी फोडा, वरचे म्हणतात बाहेरच्या पाइपचं पाणी आहे, सोसायटीनं करावं. सेक्रेटरी दोन्हीकडे जाऊन दोघांना बरोबर म्हणतो. आता वरच्या घरात काय चाललंय, तर सासऱ्यांनी हे प्रतिष्ठेचं केलंय, नवऱ्याला खर्च परवडत नाही पण ते तो बोलत नाही, आणि सून गुपचूप खाली जाऊन छत बघून आलीय आणि तिला माहीत आहे की चूक आपलीच आहे. सांगायचं का घरात? सांगितलं तर ती शेजाऱ्यांना फितूर झाली. नाही सांगितलं तर खाली लहान मूल त्या ओलीत झोपतंय. विष नाही, पुनर्जन्म नाही, जुळी बहीण नाही, आणि यात सून, सासरा, पैसा, खोटेपणा, माया सगळं आलं.

किंवा पुनर्विकास घ्या. महाराष्ट्रात 51 टक्के सभासदांची संमती असली की सोसायटीचा पुनर्विकास पुढे सरकतो. म्हणजे उरलेल्या 49 टक्क्यांचं काय, हा रोज संध्याकाळी आठ वाजता लावण्यासारखा प्रश्न आहे. एका घरात दोन भाऊ, फ्लॅट वडिलांच्या नावावर, धाकट्याला लगेच सही हवीय, थोरल्याला नको कारण त्याला वाटतं नवीन घर झालं की वाटणीचा विषय निघणार. आई म्हणते मी इथेच मरणार. शेजारी दोन तट पडलेले, तीस वर्षांची ओळख असलेले लोक एकमेकांकडे बघत नाहीत, सही न देणाऱ्याच्या दारात अचानक सगळ्यांचं प्रेम उतू जातंय, बिल्डरचा माणूस कुणाच्या घरी किती वेळ बसला याचा हिशोब वॉचमनकडे. घरातलं भांडण आणि बिल्डिंगमधलं भांडण एकमेकांत असं गुंतलेलं की कुठलं कुठून सुरू झालं कळू नये. खलनायिकेला इथे काळी टिकली आणि तिरकं हसू लावायची गरज नाही, प्रत्येकाचं थोडं थोडं बरोबरच आहे.

टीआरपी येणार नाही असं म्हणतील. येईल की नाही ते मला माहीत नाही आणि त्यांनाही माहीत नाही, कारण असं काही करून बघायला कुणी बसत नाही, मागची मालिका चालली म्हणून पुढची तशीच. पण अख्खा साचा बदला असं मी म्हणतही नाहीये. फक्त पुढच्या वेळी तुमच्या त्या हॉलमध्ये थप्पड बसली की तिचा आवाज तीनदा घुमवण्याऐवजी एकदा भिंतीपलीकडे जाऊ द्या आणि दाराची बेल वाजवा. बाहेर शेजारची बाई उभी आहे, तिनं आल्याचं काहीतरी फुसकं कारण सांगितलंय. आता दार कोण उघडतं, गालावर वळ असलेली सून पुढे येते का सासू तिला आत ढकलते, नवरा हसून काय खोटं बोलतो, त्या बाईला ते पटतं का, ती परत जाते का तिथेच पाच मिनिटं गप्पा मारत उभी राहते, घरी जाऊन आपल्या नवऱ्याला काय सांगते आणि तो तिला आपण कशाला त्यांच्या घरच्या भानगडीत पडायचं असं म्हणतो का. एका बेलवर पंधरा भाग निघतील, आणि दुसरा सेट म्हणाल तर फक्त एक दरवाजा लागेल.